पांढरा गोटा

पाद्री बाप्तिस्मा द्यायला पोचण्याआधीच बाळ गेलं, म्हणून गावच्या दफनभूमीत त्याला जागा नव्हती. अशी बाळं गाव वसवणाऱ्या संन्याशांच्या समुद्राकाठच्या पडक्या मठात उजाडण्याआधी बापानं पुरायची आणि आईला जागा सांगायची नाही, ही रीत. मासळीच्या खोक्यात बाळ घेऊन फेस्टी निघाला, तेव्हा खाटेवरून बायको एवढंच म्हणाली, “मला खूण तरी सांगशील ना?” “बायकांना सांगत नसतात,” त्याचे बाबा दारातूनच म्हणाले आणि त्याच्याबरोबर निघाले. दर रविवारी बाबा मठातल्या एकाच दगडावर पाइप ओढत बसायचे. भरती बघत असतील, असं फेस्टीला वाटायचं. त्याच दगडाशेजारी त्यानं फावडं टेकवलं, तसा बाबांनी दांडा धरला. “इथं नको. इथं तुझी थोरली बहीण आहे.” त्यांनी खिशातला पांढरा गोटा त्याच्या हातावर ठेवला. “खुणेला हा वर ठेव. तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही. तू बायकोला सांग.”