बिळाबाहेर

जमिनीत खोल बीळ करून राहणारा, वर्षातून दोन-चारदाच दर्शन देणारा टॅरंटुला जातीचा मोठा कोळी आठवडाभर बिळाबाहेर येऊन पेटीच्या काचेला पाय टेकून बसला होता.

ती मादी होती आणि घरात तिला बाईसाहेब म्हणत. नाव वडिलांनी ठेवले होते. दिवसभर दार लावून बसायचे, कुणी डोकावले की पुढचे पाय उगारायचे आणि जेवण मात्र दारात आणून द्यायला लावायचे, ही लक्षणे त्यांच्या मते दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती.

वडील जीवशास्त्राचे शिक्षक होते. मेंदूच्या आजाराने त्यांना खाटेला खिळवले, तेव्हा ती खाट त्यांनी बाईसाहेबांच्या काचपेटीशेजारी लावून घेतली. हात अंथरुणावरून उचलत नसत. बुद्धी आणि बोलणे शाबूत होते. त्यांचे आणि बाईसाहेबांचे, दोघांचेही करणे मुलीकडे आले. ती मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत होती.

उन्हाळा लागल्यापासून वडिलांचे झटके परत सुरू झाले होते. डॉक्टरांनी उकाड्याचे कारण दिले आणि औषधाचे प्रमाण वाढवले, मग पुन्हा वाढवले. दूर राहणाऱ्या भावाने फोनवर सांगून टाकले की आता आणखी एक झटका आला तर बाबांना सेवाकेंद्रात ठेवायचे. जागा त्याने बोलून ठेवली होती. मुलीने मात्र वडिलांना शब्द दिला होता की त्यांना या घरातून हलवणार नाही. शब्द दिला त्या काळात तिची झोप पुरी होत असे.

कामावरून आल्यावर ती दोन बिनसुईच्या सिरिंज भरून ठेवी. एकीत वडिलांचे पाण्यासारखे दिसणारे पातळ औषध. ओळखू यावी म्हणून तिला निळी पट्टी. दुसरीत पाणी. उन्हाने पेटीतली माती तळाशी सुकू लागली, तेव्हापासून हे पाणी कोपऱ्यातल्या बारीक नळीतून थेट तळापर्यंत सोडावे लागे. सकाळी निघायच्या घाईत दोघांना आपापला वाटा मिळे. पूर्वी वडील औषधाच्या नावाने कुरकुरत. हल्ली मुकाट गिळत आणि तिच्याकडे बघत विचारत, झोप झाली का. ती हो म्हणे. ते खोटे असल्याचे दोघांनाही ठाऊक असे.

बाईसाहेब बाहेर का आल्या, याचा तिने पद्धतशीर शोध सुरू केला. तापमान ठीक होते. हवेतला दमटपणा ठीक होता. कात टाकण्याची वेळ आली असती, तर त्यांनी उलट बिळाचे तोंड बंद करून घेतले असते. समोर सोडलेला झुरळाचा बच्चा त्यांच्या पायाखालून फिरून आला, तरी त्यांनी दखल घेतली नाही. भावाचे म्हणणे पडले की मुक्या जिवाला आधी कळते. बाबांचे काही खरे नाही, हे त्या कोळ्याने ओळखले आहे. ती म्हणाली की त्या कोळ्याला आठ डोळे असून धड समोरचे दिसत नाही, पुढचे कुठून दिसणार. भाऊ म्हणाला, एवढे लक्ष बाबांकडे दिले असतेस तर. तिने फोन ठेवला.

सुट्टीच्या दिवशी तिने बाईसाहेबांना एका डब्यात घेतले. त्यांनी पाय उगारून निषेध नोंदवला, पण नेहमीचा जोर नव्हता. वडील खाटेवरून बघत होते. माती उपसत ती तळाशी गेली. तळ चिकट होता. त्यावर पांढरी बुरशी होती, बारीक किडे वळवळत होते आणि आंबूस वास येत होता. अशा घरातून कुणीही बाहेर पडले असते.

चिमूटभर माती तिने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. तीत साखर निघाली. पेटीत भरण्यापूर्वी ही माती तिने स्वतः भट्टीत भाजून घेतली होती. साखर मागाहून कुणीतरी घातलेली होती.

पेटीच्या आसपास गोड असे एकच द्रव्य होते, वडिलांचे औषध. दुपारी सोबतीला येणाऱ्या शेजारच्या काकूंना औषधाला हात लावायची मुभा नव्हती. नळीचे तोंड मात्र वडिलांच्या उशीपासून हातभरही दूर नव्हते. झटके का थांबत नाहीत, तेही मग आपोआप कळत होते. या शोधाचा तिला आनंद झाला नाही. घरी आल्यावर चपलाही न काढता ती खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, औषध गिळता, की तोंडात धरून मागाहून त्या नळीत टाकता?"

वडिलांनी नजरेनेच नळी दाखवली.

"नळीत तूच घालतेस की. रोज सकाळी."

"ते पाणी असतं."

"पाणी मला देतेस. औषध गोड असतं, बाळ. जिभेची चव अजून गेलेली नाही माझी."

दोन्ही सिरिंज बेसिनशेजारी पेल्यात उभ्या होत्या. प्रयोगशाळेत निळ्या पट्टीचा अर्थ नुसते पाणी असा होता, आणि तिथे ती दिवसभर तोच अर्थ वापरत असे. संध्याकाळी सिरिंज भरणारी मुलगी घरी आलेली असे. सकाळी त्या रिकाम्या करणारी मनाने केव्हाच कामावर पोचलेली असे.

तिने पट्टी नखाने खरवडली. ती निघेना.

"इतके दिवस मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू ठरवून करतेयस," वडील म्हणाले. "दमली होतीस ना."