वाडगा टेबलावर ठेवा

“इथून वळव,” व्हर्ना म्हणाली, तेव्हा फाटा जवळजवळ मागे पडला होता.

वेंडेलने करकचून ब्रेक दाबला. “क्लीव्हलंड सरळ आहे.”

“माहीत आहे. मला जेवायचंय.”

“केंटकीपासून इथवर इतकी हॉटेलं गेली, तेव्हा भूक नव्हती होय?”

तिने पुन्हा फाट्याकडे बोट दाखवलं. वेंडेलने जास्त ताणलं नाही. उद्या सकाळी क्लीव्हलंडच्या इस्पितळात तिची छाती उघडायची होती, आणि डॉक्टर छातीठोकपणे काहीच सांगत नव्हते. अशा बायकोला जेवणासाठी नाही कोण म्हणणार?

पुढे घोड्यांच्या बग्ग्या चालल्या होत्या. त्यांच्या मागून रांगत रांगत गाडी आमिश लोकांच्या, म्हणजे मोटारी आणि वीज वर्ज्य मानणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, एका खाणावळीपाशी पोहोचली. दारातल्या पोरीने खिडकीजवळची जागा दाखवली.

“नको, तिकडे बसू,” व्हर्ना म्हणाली आणि थेट स्वयंपाकघराजवळच्या लांब टेबलाशी जाऊन बसली.

समोर इंडियानाचा एक जाडजूड शेतकरी आणि त्याची बायको आधीच बसलेले होते. इथे अनोळखी माणसंही एका टेबलाला बसतात, आणि भरलेले वाडगे या हातातून त्या हातात फिरतात.

“या, या!” शेतकरी म्हणाला. “फक्त कोंबडी आली की मोठ्या तंगडीवर डोळा ठेवू नका. तिचं आणि माझं आधीच ठरलंय.”

“लाज सोडलीय ह्यांनी,” त्याची बायको वेंडेलला म्हणाली. “घरी मी उपाशी ठेवते असं वाटेल लोकांना.”

वाढणाऱ्या पोरी निळ्या-जांभळ्या झग्यांत, डोक्याला पांढऱ्या टोप्या घालून लगबगीने फिरत होत्या. या टेबलाला मात्र काळ्या झग्यातली एक म्हातारी होती. ती रश्शाचं भांडं घेऊन आली, व्हर्नापाशी पोहोचली आणि थांबली. रस्सा हिंदकळून तिच्या अंगठ्यावर सांडला. तिने तो पुसलाही नाही.

“बसा,” ती म्हणाली. सगळे बसलेलेच होते.

कोंबडी आली, कुस्करलेले बटाटे आले, नूडल्स आल्या. व्हर्नाने मान खाली घालून क्षणभर डोळे मिटले. मग बटाट्यांवर नूडल्स ओतून घेतल्या आणि सावकाश खाऊ लागली. नूडल्स संपल्या तसा तिने रिकामा वाडगा म्हातारीपुढे धरला.

“टेबलावर ठेवा,” म्हातारी म्हणाली.

व्हर्नाने तो ठेवला. म्हातारीने तो उचलला. त्याच दमात शेतकऱ्याने पुढे केलेलं पातेलं तिने सरळ त्याच्या हातातून घेतलं.

वेंडेलचा घास तोंडातच राहिला. त्याला वाटलं, नजरचूक असेल. पण पावाची ताटली व्हर्नाने पुढे केली, तेव्हा पुन्हा तेच. “टेबलावर ठेवा.”

“तुझ्या हाताला काय खरूज झालीय?” तो बायकोच्या कानाशी पुटपुटला.

“जाऊ दे, वेंडेल.”

“जाऊ दे काय?”

“जेव गुपचूप. माझ्यासाठी.”

नवल म्हणजे, वाढण्यात म्हातारीचा हात आखडत नव्हता. व्हर्नाच्या ताटात ती न विचारता वाढत होती. छातीचा मऊ तुकडा, वर पुन्हा नूडल्स, कडेला सफरचंदाचा गोड गर.

“काकू, आम्हीही पैसे मोजणार आहोत हो!” शेतकरी ओरडला. टेबल हसलं. म्हातारी हसली नाही.

ती पाण्याचा जग भरायला वाकली, तेव्हा व्हर्नाने हलकेच विचारलं, “काळे कपडे? दुखवट्याचे?”

“हो,” म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

व्हर्नाने काटा खाली ठेवला. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. “मी गाडीत बसते,” ती म्हणाली, आणि वेंडेल उठेपर्यंत दाराबाहेर पोहोचलीसुद्धा.

काचेतून ती त्याला दिसत होती. गाडीला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. वेंडेलच्या डोक्यात तिडीक गेली. आजाराशी भांडता येत नव्हतं, डॉक्टरांशी भांडता येत नव्हतं. ही म्हातारी तरी समोर होती.

त्याने तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

“बाई, माझ्या बायकोच्या हातात काय वाईट आहे?”

“हातात काही वाईट नाही.”

“मग सगळ्यांच्या हातून घेता, तिच्याच हातून का नाही?”

म्हातारीने एप्रनला हात पुसले. ते पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

“उद्या तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे,” वेंडेल म्हणाला. आवाज चढवायचं त्याने ठरवलं होतं, पण तो मध्येच फाटला. “टेबलावरून उठेल की नाही, देव जाणे. आज शेवटचं म्हणून इथं जेवायला आली, आणि तुम्ही तिला महारोग्यासारखं वागवलंत. तिला माझ्याशिवाय कोणी नाही हो. आईबाप दोघं एकदमच अपघातात गेले, तिच्या तरुणपणीच.”

म्हातारीने दाराची चौकट धरली.

“असं सांगते ती?”

“सांगते म्हणजे? तसंच झालंय.”

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. म्हातारीची नजर काचेकडे गेली आणि तिथेच खिळून राहिली.

“अपघात कुठला,” ती म्हणाली. “ती आम्हाला सोडून गेली. पंथ सोडून गेलेल्याच्या हातून आम्हाला काही घेता येत नाही.” मग ती वेंडेलच्या अगदी जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “डॉक्टरांना एवढं सांगा. तिचे वडील मागच्या हिवाळ्यात गेले, ते हृदयाच्या दुखण्यानेच.”