खरखर

यंत्र लागलं तर अण्णांचा फायदा दुहेरी होता. संध्याकाळी परदेशातला धाकटा भाऊ हवेतून "दादा, ऐकू आलं" म्हणणार आणि "तुमच्याच्यानं व्हायचं नाही" म्हणणारी बायको आपोआप गप्प बसणार. लहानशा बल्बपेक्षाही कमी विजेवर बोलणारा तो वायरलेस संच त्यांनी एकेक भाग डाख देऊन स्वतः जोडला होता. चालू केला, तर नुसती खरखर.

"घरातलंच काहीतरी खरखरतंय," म्हणत ते एकेक बटण बंद करत सुटले. फ्रिज बंद. आईची मालिका ऐन भांडणात बंद. साबणात बुडालेल्या कपड्यांसकट वॉशिंग मशीन बंद. खरखर जागच्या जागी. शेवटी त्यांनी मेन स्विचच पाडला.

"गेली! बघ, गेली की नाही?"

"अहो, तुमचं यंत्रही गेलं," बायको म्हणाली आणि स्वतःच्या स्कूटरची बॅटरी काढून तिनं पुढ्यात ठेवली. "हिच्यावर लावून बघा."

संच खणखणीत बोलू लागला. खरखर संचाला घरची वीज पुरवणाऱ्या, अण्णांनीच निवडून आणलेल्या अडॅप्टरची होती.

"दादा, ऐकू आलं! बिघाड कुठे होता?"

"काय सांगू, घरभर होता."

दुसऱ्या दिवशी बंदच राहिलेल्या फ्रिजमधलं दूध नासलेलं निघालं, आई रुसलेली, कपडे साबणातच. स्कूटरची बॅटरी संचालाच जोडलेली राहिल्यानं बायको कामावर पायी गेली. अडॅप्टर तेवढा पुसून, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. चांगली वस्तू, कधीतरी उपयोगी पडेल.