घासलेली कँडल

सेल्समननं दोन्ही ग्लासांत यंत्राच्या सळ्या बुडवल्या आणि बटण दाबलं. एका ग्लासात अनंतरावांच्या घरच्या स्टील फिल्टरचं पाणी होतं, दुसऱ्यात त्यानं बाटलीतून आणलेलं आरओचं. बघता बघता घरच्या पाण्यावर घाणेरडा हिरवट फेस चढला. आरओचं पाणी नितळच राहिलं.

"देख लो बाबूजी, ये पी रहे हैं आप लोग."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या राधिकाचा हात आपसूक पोटावर गेला. तिला सातवा महिना होता. शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून रस्ते खणणं काही थांबत नव्हतं. कुठे नळ फुटतो अन् कुठे नाला त्यात मिसळतो, कुणाला पत्ता नाही. मागच्या पाऱ्यात, म्हणजे मागच्याच वस्तीत, कावीळ पसरली होती. खालच्या मजल्यावरची मंदाकिनी डोळे पिवळे पडून कालच दवाखान्यात भरती झाली होती. पोटुशीला कावीळ झाली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तर नवरा ड्यूटीवर जाताच राधिकानं शंकर नगरच्या दुकानात फोन करून या माणसाला बोलावलं होतं. सासऱ्यांना न विचारता.

तेच अनंतरावांना झोंबलं होतं. तो फिल्टर म्हणजे त्यांचा प्राण. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. दर रविवारी ते आतली पाणी गाळणारी चिनीमातीची पांढरी कँडल काढायचे, तारेच्या घासणीनं खसाखसा घासायचे, गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि कारखान्यांची काळी धूळ बसू नये म्हणून शेजारीच ठाण मांडायचे. दुकानदार म्हणायचा, वर्षाला बदला. त्याच्या बापाचं काय जातं? घासली की नवी!

"मीठ आण," ते सुनेला म्हणाले.

चिमूटभर मीठ त्यांनी आरओच्या पाण्यात टाकलं. "आता दाब तुह्यं बटन."

"अरे बाबूजी, ऐसा थोड़ी करते हैं..."

सेल्समनचा हात हलेना, तेव्हा अनंतरावांनीच बटण दाबलं. आरओचं नितळ पाणी गढूळ झालं, घरच्यापेक्षाही घाणेरडं.

"तीस वर्सं रेल्वेत बॅटऱ्या सांभाळल्या मी. ही घाण पाण्यातली नाही, पाण्यात क्षार असले का करंट धावते अन् तुह्या सळ्याइमधलं लोखंड सुटते. लोकाइले भेववून धंदा करता? निघ!"

सेल्समननं यंत्र थैलीत कोंबलं. "फिर भी मशीन अच्छी है, दीदी," एवढं राधिकाकडे पाहून पुटपुटला आणि जिना उतरून गेला.

राधिका ओशाळली. "चुकलं माझं, मामाजी. मले वाटलं..."

"भेली होती तू. होते असं." अनंतरावांना एकदम सुनेची माया आली. जिंकलेल्या माणसाला माया लवकर सुचते. "पण माह्यावर भरोसा ठेवत जा. थांब, दाखवतोच तुले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फिल्टरचं वरचं भांडं रिकामंच होतं. त्यांनी झाकण काढलं, भांडं उचलून आडवं धरलं, आत हात घातला आणि बुडाखालची चकती फिरवत कँडल सोडवायला लागले.

"लोकाइचे फिल्टर थेंब थेंब गळतात. आपला कसा भरभर भरते, पाह्यलं ना? काहून? घासतो म्हणून!"

त्यांचा मान राहावा म्हणून राधिकानं खालच्या भांड्याची तोटी सोडून ग्लास भरून घेतला.

कँडल पांढरीशुभ्र निघाली. अनंतरावांनी ती उजेडात फिरवली आणि बुडाशी त्यांचा अंगठा अडला. घासून घासून तिथली कड पापडाएवढी पातळ झाली होती, आणि तिला बोटभर भेग पडली होती. त्यांनी नख घातलं. ते आरपार गेलं. म्हणजे पाणी गाळलं जातच नव्हतं. नळाचं पाणी जसंच्या तसं खाली पडत होतं, म्हणून तर भांडं भरभर भरत होतं.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. संध्याकाळी गुपचूप नवी कँडल आणून बसवली की झालं. तो विचार त्यांच्या मनात आला, आणि चांगला क्षणभर टिकलासुद्धा. समोर राधिकानं ग्लास ओठांना लावला.

"पिऊ नको!"

ते असे ओरडले की ग्लास तिच्या हातून निसटला आणि फरशीभर पाणी झालं.

"काय झालं, मामाजी?"

त्यांनी कँडल पुढे केली. नख अजून भेगेतच होतं. तिला समजायला वेळ लागला नाही.

"कधीपासून?"

"मले काय माहीत!" त्यांचा आवाज चिरकला. "तू उकळून पिऊन राहिली होती ना? डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ना तुले?"

"तुम्हीच म्हणाले होते ना, आपल्या फिल्टरचं पाणी उकळाची काही गरज नाही."

ती रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

अनंतरावांनी कँडल ओट्यावर टाकली, तिचं मनगट धरलं आणि तिला खिडकीशी उजेडात नेलं. लग्न होऊन आल्यापासून सून त्यांच्याशी खाली पाहूनच बोलत आली होती, आणि त्यांनीही कधी तिच्या चेहऱ्याकडे धड पाहिलं नव्हतं. आत्ताही तिची मान खालीच होती.

"वर पाह्य," ते म्हणाले.

तिची नजर फरशीवरून हलेना.

"लाज राहू दे, पोरी. डोळे दाखव मले."