विहारातलं वाळवंट

तुडीलच्या शाळेत शिकवणाऱ्या दीप्तीने सावित्री नदीकाठी वाळवंटी झाडांची बाग केली होती. राजस्थानात संपत चाललेली झाडं ती काचेच्या छपराखाली जगवायची. शेजारच्या चंपाबाई हसायच्या, “पावसाच्या गावात काटे कशाला गो?” पण एका पहाटे नदीचं पाणी बागेत शिरलं, तेव्हा कंबरभर पाण्यात आधी उतरल्या त्या चंपाबाईच. मागून वाडी आली. कुंड्या हातोहात टेकावरच्या विहारात पोचल्या. दमलेली दीप्ती भिंतीला टेकली. बुद्धमूर्तीभोवती काटेरी झाडं शांत उभी होती. अर्धवट झोपेत तिला वाटलं, पाऊस सरलाय, दूरवर तापलेली वाळू पसरलीय. डोळे उघडले, तर कुडकुडणाऱ्या चंपाबाई मांडीवर गुग्गुळाचं रोप घेऊन बसलेल्या. “नीज गो तू. ह्याला काय पाजू, तेवढं सांग.” “काही नाही, आजी. फक्त कोरडं ठेवायचं.” कुणीतरी पांघरवलेली कोरडी चादर चंपाबाईंनी स्वतःच्या अंगावरून काढून कुंडीभोवती गुंडाळली.