पेढे कशाचे

“ही माती खाते का?” मुक्ताच्या डोळ्यावरची बॅटरी बाजूला करत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही हो,” तिची आई, द्वारका, घाईने म्हणाली. पोर माती खाते म्हणजे आई तिला उपाशी ठेवते, असं सासरी सगळे म्हणत. ते इथे, शहरातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात कशाला सांगायचं? लाल, सुजलेल्या डोळ्यात आत पांढरी गाठ दिसतेय, कॅन्सर असेल तर डोळा काढावा लागेल, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“खाते की,” मुक्ता म्हणाली. “कुत्रीची पिल्लं निजतात ना, तिथली. ती गोड लागते.”

द्वारकाने तिला हळूच चिमटा काढला. पण बाई रागावल्या नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून त्यांनी पिल्लांची सगळी चौकशी केली आणि रक्ताची तपासणी लिहून दिली.

रिपोर्ट आले तेव्हा बाईंनी हसतच दोघींना आत बोलावलं. “कॅन्सर नाही. पिल्लांच्या घाणीतून जंतांची अंडी मातीत आली, मातीतून हिच्या पोटात. त्यातला एक जंत डोळ्यात जाऊन बसलाय, त्याचीच ही गाठ आणि सूज. नजर थोडी अधू राहील, पण डोळा राहील.”

द्वारका आधी रडली, मग हसली. मग खाली जाऊन पेढे घेऊन आली आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांना वाटत सुटली.

“कशाचे गं?” एका आजीबाईंनी विचारलं.

“पोरीच्या डोळ्यात जंत निघाला,” द्वारका म्हणाली. “घ्या ना आजी, अजून एक घ्या.”