सात नंबरची खाट

"ब्लॉकमध्ये सेल्फ घट्ट धरून ठेवलंस? अगं, हे शिकाऊ पोरंही करत नाहीत!"

टीम लीडने सगळ्यांसमोर प्रोग्रामर मुलीच्या कोडमधल्या ओळीवर लाल रेघ ओढली.

हॉस्पिटलचं अ‍ॅप होतं. नर्सने 'सेव्ह' दाबलं की नोंद सर्व्हरकडे जायची. उत्तर आलं की ब्लॉक, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेला कोडचा तुकडा, चालायचा आणि नोंद पक्की व्हायची. तोवर यादीत 'डोस बाकी'च.

"सर, नर्स सेव्ह दाबून लगेच पुढे जाते," ती हळूच म्हणाली. "सेल्फ म्हणजे इथे ती स्क्रीनच. ती बंद झाली तरी उत्तर येईपर्यंत धरून ठेवावी लागते. मग ती आपोआप सुटते."

"वॉर्डात जाऊन बसली होतीस वाटतं?"

"हो सर. दोन दिवस."

"मग तिथेच राहायचंस, थर्मामीटर धुवायला." बाकीचे हसले. "ब्लॉकमध्ये सेल्फ आलं की वीक लिहायचं, सैल धरायचं. डोळे मिटून लिहायचं."

आणि त्याने ते खरोखरच डोळे मिटून लिहिलं.

चाचणी रिकाम्या वॉर्डात ठेवली होती. मेट्रनबाईंनी होकार दिला की उद्यापासून कागदी तक्ते बंद. "बाहुली कशाला? मी होतो पेशंट," म्हणत टीम लीड बुटांसकट सात नंबरच्या खाटेवर आडवा झाला. प्रोग्रामर मुलगी भिंतीशी उभी राहिली.

औषध हृदयाची गती उतरवणारं. पहिल्या नर्सने रिकामी सिरिंज त्याच्या दंडाला टेकवली, सेव्ह दाबलं, स्क्रीन बंद केली आणि आठ नंबरकडे वळली. सर्व्हरचं उत्तर आलं. ब्लॉक चालला. पण सैल धरलेली स्क्रीन केव्हाच गेली होती, त्यामुळे तो काही न करता मुकाट संपला. कुठे चूक दिसली नाही की घंटी वाजली नाही.

पुढच्या पाळीची नर्स आली. फोनवरच्या यादीकडे बघून तिने दुसरी सिरिंज उचलली.

"अहो, माझं झालंय!"

"सगळे पेशंट असंच म्हणतात." तिने सिरिंज टेकवली. "इथे बाकी दिसतंय."

टीम लीड ताडकन उठून बसला. "पहिल्या नर्सने स्क्रीनवर दोन सेकंद थांबायला हवं होतं. आणि ही नुसती चाचणी आहे, मॅडम!"

मेट्रनबाईंनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दोन डोस लागोपाठ गेले. तुम्ही वारलात, साहेब. उतरा खाली, चादर बदलायची आहे."